कुसळीच्या आधी, कुसळीच्या नंतर

हिवरखेडच्या उत्तरेला सातपुड्याचा पायथा लागतो. तिथून वर मेळघाटापर्यंत कागदावर एकच नाव, शुष्क पानझडी वन. चॅम्पियन आणि सेठ यांची १९६८ची ही वर्गवारी सागाच्या हिशेबाला पुरते. गाय साग खात नाही. तिच्यासाठी मला दबडघाव आणि शंकरनारायण जवळचे वाटतात. त्यांनी १९७३ साली देशाच्या गवताळ आच्छादनाचे पाच प्रकार पाडले. आपला भाग शेडा-मारवेलीचा.

मीटरभर लांब-रुंद लोखंडी चौकट टाकायची आणि आत काय उगवलंय ते लिहायचं, एवढंच माझं काम. शेडा, पवन्या, मारवेल दाट असली की रान धड आहे. गुरं हीच गोड गवतं आधी तोडतात, बी धरायला काडी उरत नाही. मग कुसळी पसरते, पुढे भुरभुशी, आणि गोठाणाजवळ तर तरोटा नि रानतुळसच. नकाशावर मी यांना वेगवेगळे रंग देतो, पण जमीन बहुतेकदा एकच असते. रंगातून दिसतो तो तिथला चराईचा इतिहास.

तिखाडी मात्र भल्याभल्यांना चकवते. दगडाळ उतारावर कमरेएवढी, हिरवीगार; वरून पाहणाऱ्याला वाटावं, चाऱ्याला तोटा नाही. तिच्या तेलाच्या उग्र वासामुळे गुरं तोंड लावत नाहीत. याच तेलासाठी, रोशासाठी, एकेकाळी या डोंगरांत भट्ट्या लागत. अत्तरवाल्याचं कुरण, ढोरांचं नव्हे.

कुसळीचा प्रश्न एका म्हाताऱ्या गायकीनं, म्हणजे गुराख्यानं, सोडवला. मी तिला चारा म्हणून सरसकट 'मध्यम' लिहीत होतो. तो म्हणाला, "सायेब, आखाडात कुसयी गवत असते, दिवाईत सुई." खरंच, कोवळी असताना गुरं ती आवडीनं खातात, फुलोऱ्यानंतर तिचं टोकदार बी तोंडात, कातड्यात रुततं. तेव्हापासून माझ्या तक्त्यात महिन्याचा रकाना आहे.

त्या रकान्यावरूनच चराई ठरवता येते. कुसळीच्या पट्ट्यात गुरं पावसाळ्याच्या सुरुवातीला सोडावीत, फुलोऱ्याआधी काढावीत. शेडा-पवन्याचा पट्टा बी झडेपर्यंत बंद, नंतर विळ्यानं कापणी. तरोट्याचा पट्टा दोन-तीन पावसाळे गुरांपासून मोकळा ठेवून, बी टाकून पाहावा. गायकी यावर विचारतो, तवर ढोरं कुठं न्यायची? बंद पट्ट्याची कापणी आधी त्याच्या गोठ्यात पोचली पाहिजे, असं मी आता आराखड्यातच लिहितो.