घरातला कॉम्प्युटर आणि आमची बदगुमानी

बकरी ईदच्या चौथ्या दिवशी आमच्या घरातला नवा कॉम्प्युटर पहिल्यांदा बंद पडला. मुलगा गेम खेळत होता. अचानक पडदा काळा झाला, आतले पंखे एकदा जोरात फिरले आणि मशीन आपोआप पुन्हा सुरू झालं. बाहेर धो धो पाऊस. चिपळूणला पावसाळ्यात लाइटचा भरवसा नसतो, त्यामुळे आम्ही म्हटलं, लाइटचंच काम असेल. दुसऱ्या दिवशी आकाश कोरडं होतं, लाइट व्यवस्थित होती, तरी तसंच झालं. तिसऱ्या दिवशी दोनदा.

हा कॉम्प्युटर म्हणजे घरातली दोन वर्षांची बचत होती. मुलीला डिझाइन आणि व्हिडिओ एडिटिंगच्या अभ्यासासाठी तो हवा होता आणि मुलाला, खरं सांगायचं तर, गेमसाठी. गेमवरून आमच्यात बरीच चर्चा झाली होती. शेवटी ठरलं की इशानंतर एक तास खेळायचं, आणि नमाज चुकली तर त्या दिवशी मशीनला हात लावायचा नाही. मुलाने ही अट इतक्या आनंदाने मान्य केली की आम्हालाच थोडी शंका आली. असो.

तयार कॉम्प्युटर महाग पडत होता, म्हणून बाजारातल्या एका दुकानातून एकेक भाग निवडून जोडून घेतला. दुकान नवीनच होतं. पुण्यात चार वर्षं नोकरी करून परत आलेला एक तरुण ते चालवतो. सगळे त्याला दादा म्हणतात, आम्हीही म्हणतो. रायझन 5 5600जी हा प्रोसेसर त्यानेच सुचवला. ग्राफिक्स कार्डाची सोय नंतर करता येईल, तोपर्यंत याच्या आतल्या ग्राफिक्सवर काम चालेल, असं तो म्हणाला. 550 वॅटचा एसएमपीएस घालून दिला, पुढे कार्ड बसवताना तो बदलावा लागू नये म्हणून. 8 जीबी रॅमच्या दोन सारख्या पट्ट्यांची जोडीच घ्या, असा त्याचा आग्रह होता. आम्ही एकच घेतली. दुसरी पट्टी मुंब्र्याच्या चुलत भावाच्या बंद पडलेल्या ऑफिसमधल्या मशीनमधून फुकट मिळणार होती, मग दोन हजार का घालवा?

महिनाभर सगळं छान चाललं. मग ईदला मामू कुवेतहून आले आणि भाच्यांसाठी ग्राफिक्स कार्ड घेऊन आले. आरटीएक्स 3060. बॅगेत जागा व्हावी म्हणून खोका तिकडेच टाकून दिला होता आणि कार्ड दोन टॉवेलांत गुंडाळून आणलं होतं. मुलाने ते अशा काळजीने हातात घेतलं की मामूंच्या डोळ्यांत पाणी आलं. त्याच आठवड्यात मुंब्र्याहून ती रॅमची पट्टीही आली. कार्ड आणि पट्टी, दोन्ही मुलाने एकाच संध्याकाळी बसवलं.

आता मशीन बंद पडू लागल्यावर संशय कुठे जाणार? पहिल्यांदा कार्डावरच गेला. विमानात बॅग आपटली असेल, खोका नव्हता, टॉवेलात काय सुरक्षित राहतं! पण हे मामूंना सांगणार कोण? ते परत गेले होते आणि दर जुम्याला फोन करून पहिला प्रश्न हाच विचारायचे, "काय बेटा, चालतंय ना?" मुलगा म्हणायचा, "हो मामू, एकदम मस्त." आम्ही शेजारी बसून ऐकायचो. मुलगा खोटं बोलतोय हे आम्हाला कळत होतं आणि त्याला टोकण्याची आमचीही हिंमत नव्हती.

मामूंवर संशय घेणं जड जात होतं, म्हणून तो हळूच दुकानदाराकडे वळला. मुलाच्या एका मित्राने कॅबिनेटमध्ये डोकावून सांगितलं की एसएमपीएस लोकल दिसतोय, कार्डाला पुरत नसणार. एवढं आम्हाला पुरलं. खरं तर कागदावरचे आकडे आमच्या समोरच होते. या कार्डाला 170 वॅट लागतात, प्रोसेसरला 65, आणि कार्डाची कंपनी स्वतःच किमान 550 वॅटचा एसएमपीएस सुचवते. म्हणजे दुकानदाराने बरोबर तेवढाच दिला होता. पण वॅट पाहून थांबलो असतो तर मनाचं समाधान कसं झालं असतं?

आम्ही दोघंही बोललो, हे इथे लिहायलाच हवं. एकाने जुम्याच्या नमाजनंतर मशिदीच्या बाहेर, चपला घालता घालता सांगितलं, "त्या दुकानातून घेऊ नका, जुने पार्ट नवे म्हणून घालतो." ऐकणाऱ्यांपैकी दोघे मुलांसाठी कॉम्प्युटर घेण्याच्या विचारात होते. दुसरीने एका मेहंदीच्या कार्यक्रमात बायकांमध्ये तेच सांगितलं, वर थोडं तिखटमीठ लावून. "जुने पार्ट" हे कुणी पाहिलं होतं? कुणीच नाही. सूरह हुजुरातमध्ये गुमानाबद्दल आणि पाठीमागे बोलण्याबद्दल काय ताकीद आहे, हे आम्ही मुलांना शिकवलेलं आहे.

इकडे घरात उपाय चालूच होते. गरम होत असेल म्हणून कॅबिनेटची बाजू उघडून समोर टेबल फॅन लावला. तापमान दाखवणारा प्रोग्राम टाकला तर प्रोसेसर 78 अंशांच्या वर जात नव्हता, आणि त्याची मर्यादा 95 आहे. कार्डाचा ड्रायव्हर सेफ मोडमध्ये जाऊन पूर्ण काढला आणि नवा टाकला. विंडोज पुसून पुन्हा टाकलं. विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये दर वेळी लाल खुणेची एक नोंद सापडायची, कर्नल-पॉवर 41. पॉवर हा शब्द दिसताच आम्ही म्हणालो, बघा, एसएमपीएसच! पुढे कळलं की मशीन नीट बंद न होता पुन्हा सुरू झालं, एवढंच ती नोंद सांगते. कशामुळे, ते ती सांगत नाही.

शेवटी मुलीनेच दादाला फोन केला. आम्हाला न विचारता. तिचा व्हिडिओ अर्धा बनून तीनदा गेला होता आणि कॉलेजची तारीख जवळ आली होती. दादाने तिला विचारलं, "मशीन सुरू झाल्यापासून काय काय बदललं, आणि कोणत्या दिवशी?" आणि वहीत लिहून ठेवायला सांगितलं. शिवाय एक अट घातली, एका दिवशी एकच गोष्ट बदलायची. दोन बदलल्या तर कशामुळे फरक पडला ते कळत नाही.

संध्याकाळी तो स्वतः घरी आला. हातात त्याच्या दुकानातला एसएमपीएस होता, 650 वॅटचा. "दोन दिवस हा लावून बघा काका," म्हणाला. चहा घेतला नाही, घाईत होता. आम्ही त्याच्या नजरेला नजर दिली नाही.

मुलीच्या वहीत पुढचे दिवस असे आहेत. पहिल्या दिवशी दादाचा एसएमपीएस लावला, रात्री साडेनऊला मशीन बंद. म्हणजे दुकानाचा एसएमपीएस सुटला. दुसऱ्या दिवशी आपला एसएमपीएस परत लावला, मामूंचं कार्ड काढून ठेवलं आणि आतल्या ग्राफिक्सवर व्हिडिओ बनवायला घेतला. पाऊण तासात निळा पडदा. म्हणजे मामूंचं कार्डही सुटलं! त्या निळ्या पडद्यावर आमच्या घरात आनंद झाला. इतका मोठा बिघाड पाहून खूश होणारं घर आमचंच असावं.

निळ्या पडद्यावर बिघाडाचं नाव येतं. मुलीने ती नावंही लिहून ठेवली होती. एकदा मेमरी मॅनेजमेंट, एकदा पेज फॉल्ट इन नॉनपेज्ड एरिया, एकदा आयआरक्यूएल नॉट लेस ऑर इक्वल. फोनवर ही यादी ऐकून दादा म्हणाला, "दर वेळी वेगळं नाव येतंय ना? मग आधी रॅम तपासा." एखादा ड्रायव्हर बिघडला असेल तर बहुधा तेच ते नाव परत येतं. रॅममधला मजकूरच बदलत असेल तर कधी एक प्रोग्राम अडखळतो, कधी दुसरा. गेम आणि व्हिडिओ जास्त रॅम वापरतात, म्हणून तिथेच लवकर अडतं. पत्रं टाइप करताना दिवसभर काहीच होत नाही.

मेमटेस्ट86 नावाचा एक प्रोग्राम असतो. तो पेनड्राइव्हवर टाकायचा आणि मशीन विंडोजऐवजी त्यावरून सुरू करायचं. मग तो रॅमच्या प्रत्येक जागेत काहीतरी लिहितो आणि परत वाचून पाहतो, तेच आहे की नाही. चार फेऱ्या होतात आणि त्यात काही तास जातात. आम्ही इशानंतर तो लावला आणि झोपलो. फज्रला उठलो तेव्हा हॉलमध्ये अंधार होता आणि पडद्यावर लाल ओळी होत्या. 37 चुका. वजू करायला निघालेली मुलगी तशीच उभी राहिली आणि म्हणाली, "अम्मी, ही मुंब्र्याची पट्टी."

त्या रात्री मुंब्र्याची पट्टी काढून फक्त दुकानाची ठेवली. चार फेऱ्या, शून्य चुका. पुढच्या रात्री दुकानाची काढून त्याच खाचेत मुंब्र्याची बसवली. लाल ओळी. झालं, गुन्हेगार सापडला, असं वाटलं.

पण दादाने अजून एक प्रश्न विचारला, "बायोसमध्ये एक्सएमपी चालू आहे का?" मुलगा गप्प. मग हळूच म्हणाला, "हो." एका व्हिडिओत पाहून त्याने पट्टी बसवली त्याच संध्याकाळी ते चालू केलं होतं, गेम जरा जास्त वेगाने चालावा म्हणून. वहीत हा बदल नव्हताच. वही सुरू करताना त्याला आठवला नाही, असं तो म्हणतो. आमचा त्यावर विश्वास आहे. साठ टक्के.

एक्सएमपी म्हणजे रॅमच्या पट्टीवर कंपनीने नोंदवलेला जास्तीचा वेग. दुकानाच्या पट्टीचा तो 3200 होता, 1.35 व्होल्टवर. मुंब्र्याची पट्टी ऑफिसच्या साध्या मशीनमधली, 2666 ची, 1.2 व्होल्टवर चालणारी. एक्सएमपी चालू केल्यावर दोन्ही पट्ट्यांना एकाच वेगाने पळावं लागत होतं, आणि मुंब्र्याची पट्टी एकटी बसवली तेव्हाही मुलाने वेग तसाच ठेवला होता. तिला तो झेपत नव्हता. एक्सएमपी बंद केलं, दोन्ही पट्ट्या परत लावल्या, दोन्ही 2666 वर आल्या. रात्रभर चाचणी केली. शून्य चुका. म्हणजे मुंब्र्याची पट्टीसुद्धा खराब नव्हती. तोपर्यंत चुलत भावाबद्दल आमच्या घरात काय काय बोलून झालं होतं ते लिहीत नाही.

त्या जुम्याला मामूंचा फोन आला. "काय बेटा, चालतंय ना?" मुलाने आमच्याकडे पाहिलं आणि सगळी हकीकत सांगितली, अगदी टॉवेलापासून. मामू हसत सुटले. म्हणाले, "अरे, मलाच दर वेळी भीती वाटायची, टॉवेलात आणलंय म्हणून! म्हणून तर विचारायचो."

दुकानात आम्ही दोघं असरनंतर गेलो. एसएमपीएस परत द्यायचा होता आणि मनातलं सांगायचंही होतं. गिऱ्हाईक जाईपर्यंत थांबलो. मग सांगितलं, कुठे काय बोललो ते, जसंच्या तसं. दादा बिलाच्या पुस्तकात काहीतरी लिहीत होता, तो लिहीतच राहिला. मग म्हणाला, "मला कळलं होतं काका. दोन ऑर्डर होत्या, दोघांनी फोन करून नको सांगितलं. एकाने कारणही सांगितलं."

"कधी?"

"तुमच्या मुलीचा फोन यायच्या दोन दिवस आधी."

म्हणजे एसएमपीएस घेऊन घरी आला, तेव्हा त्याला सगळं ठाऊक होतं. आम्ही माफी मागितली. तो "असू द्या, होतं असं" म्हणाला, पण चेहरा काही मोकळा झाला नाही, आणि तो व्हावा अशी घाई करण्याचा आम्हाला हक्क नव्हता. रॅमची सारखी जोडी तेव्हाच घ्यावी असं मनात आलं. मग वाटलं, माफीबरोबर खरेदी केली तर ती भरपाईसारखी दिसेल. पुढच्या महिन्यात मुलगा स्वतःच्या ईदीतून एक पट्टी घेऊन आला, दुकानाच्या पहिल्या पट्टीसारखीच.

ज्या जागी बोललो होतो तिथेच जाऊन परत बोलायचं ठरलं. पुढच्या जुम्याला, त्याच चपलांच्या रांगेपाशी, त्या दोघांना गाठलं. एकाने शांतपणे ऐकून घेतलं आणि त्याच आठवड्यात दुकानात जाऊन ऑर्डर दिली. दुसऱ्याने कोल्हापूरहून मशीन आणून घरात बसवलंही होतं, त्याला आता काय सांगणार?

मेहंदीत जिला सांगितलं होतं, तिच्या घरीही गेलो. ती म्हणाली, "अगं, मी तर विसरलेही होते. पण खेडला बहिणीला सांगितलं होतं बघ, तिच्या मुलाला घ्यायचा होता ना." खेडला फोन लावून घेतला. सगळं समजावून सांगितलं, रॅम, वेग, आमची चूक. तिने सगळं ऐकलं आणि विचारलं, "कुठलं दुकान म्हणालात?" तिला दुकानाचं नाव कधी कुणी सांगितलंच नव्हतं. चिपळूणचे कॉम्प्युटरवाले जुना माल घालतात, एवढंच तिच्या लक्षात होतं, आणि तेच तिने पुढे आणखी दोघींना सांगितलं होतं.