फासा आणि परतवाड्याची गाडी

परतवाड्याहून निघालेली मालाची गाडी घाट चढून सेमाडोह, हरिसाल करत धारणीला येते. उन्हाळ्यात आज सांगितलेला माल उद्या दुकानात पडतो. पावसाळ्यात सिपना नदी फुगली किंवा घाटात झाड आडवं पडलं, की तीच गाडी आठवडा खाते.

व्यवस्थापनाच्या मुलांना सिम्युलेशन शिकवताना मी संगणकाआधी हा रस्ता आणि एक फासा पुढ्यात ठेवतो. समजा, दुकानात तेलाचे रोज ४ डबे खपतात. फाशावर १ ते ५ पडलं तर माल एका दिवसाने, ६ पडलं तर सात दिवसांनी. सरासरी निघते २ दिवस. म्हणजे माल सांगताना ८ डबे शिल्लक असले की पुरे, असं पोरं म्हणतात. सावध असतील ती १२ धरतात. मग फासा पडू लागतो, वहीतले रकाने भरू लागतात आणि ६ येतो. बारा डबे तीन दिवसांत संपतात, पुढचे चार दिवस फळी रिकामी. वही पुन्हा चाळली तर बरोबर दोन दिवसांनी आलेली गाडी एकही सापडत नाही. ज्या सरासरीवर हिशेब मांडला, तसा दिवस घडलेलाच नसतो. हे सूत्रातून सांगून पटत नाही, रकाना भरताना पटतं.

असं खेळून मोजण्याची कल्पना जुनीच आहे. गणितज्ञ स्टॅनिस्लाव उलाम १९४६ साली आजारातून उठत असताना पत्त्यांचा सॉलिटेअर खेळत होते. डाव सुटण्याची शक्यता गणिताने काढण्यापेक्षा शंभर डाव मांडून सरळ मोजावं, असं त्यांच्या मनात आलं. गणितज्ञ फॉन नॉयमन यांच्या साथीने त्यातूनच, पुन्हा पुन्हा फासा टाकल्यासारखं खेळून उत्तर मोजणारी मॉन्टे कार्लो पद्धत उभी राहिली.

पण फाशाला आदल्या दिवसाची आठवण नसते. धारणीतल्या एका किराणा दुकानदाराला मी हा खेळ दाखवला, तेव्हा त्यांनी नेमकं तिथेच बोट ठेवलं. “सर, गाडी एकदा अडकली का मंग अडकूनच रायते. अन् पानी उतरलं का समदे गावं एकाच दिवशी बजारात येते.” उशीर आणि गर्दी जोडीने येतात, संगणकावर फाशाऐवजी वापरलं जाणारं एक्सेलचं रॅण्डम सूत्र मात्र प्रत्येक ओळ सुटी धरतं. म्हणून पावसाळ्याचा फासा वेगळा करावा लागतो आणि आजची ओळ कालच्या ओळीला बांधावी लागते. होळीचंही तसंच. कामासाठी बाहेर गेलेली कोरकू आदिवासी कुटुंबं तेव्हा घरी परततात, तो आठवडा वर्षाच्या सरासरीत मिसळला तर मॉडेल खोटं बोलतं. माझ्या मते या विद्येतलं निम्मं काम असं गल्ल्याशेजारी बसून ऐकण्याचं आहे.

पावसाळ्यात सात दिवस पुरतील असे किमान २८ डबे ठेवा, असं वही सांगते. त्यात अडकणारं भांडवल आणि दूरच्या पाड्यावरून चालत आलेल्या गिऱ्हाइकाला रिकाम्या हाती परत पाठवणं, यांतलं महाग काय, ते फासा सांगत नाही. त्या दुकानदाराने तेल भरून ठेवायचं ठरवलं. साखर नाही, ती ओल धरते.