हॅकेथॉन आणि माझा हजेरीपट



भाताची कापणी, दिवाळी, पाहुणे या गडबडीत बरेच दिवस लिहिणं झालं नाही. आज जे लिहिते आहे ते घरच्यांनाही पहिल्यांदाच कळेल.

तर झालं असं. २०२५ च्या सप्टेंबरात मी आंबवड्याहून पुण्याला लेकीकडे गेले होते. नात इंजिनिअरिंगला आहे. तिच्या कॉलेजात हॅकेथॉन होती. मला वाटलं मॅरेथॉनसारखं पळायचं असेल. पळायचं नाही, बसायचं असतं! केंद्र सरकारनं २०१७ साली ‘स्मार्ट इंडिया हॅकेथॉन’ सुरू केली. सरकारी खाती आपल्या अडचणी मांडतात आणि मुलांनी त्यावर उपाय करून दाखवायचा. सहा जणांचा गट, त्यात एक तरी मुलगी हवीच. सॉफ्टवेअरवाल्यांची अंतिम फेरी सलग ३६ तासांची. तिथं कोणाला पाठवायचं हे ठरवायला कॉलेजं आधी आपापली स्पर्धा घेतात. ही तीच, २४ तासांची.

नातीच्या गटाचा विषय होता खेड्यातल्या शाळांची हजेरी. परीक्षकांनी विचारलं म्हणे, "खेड्यात शिकवलेल्या एका तरी शिक्षकाशी बोललात का?" नातीचा लगेच फोन, "आजी, रिक्षा करून ये."

गेले. भलामोठा हॉल, टेबलाटेबलावर लॅपटॉप, वायरींचं जंजाळ, वडापावचे कागद. मला खुर्ची दिली, चहा दिला. एका मुलानं दाखवलं: वर्गाचा एक फोटो काढायचा, फोन चेहरे ओळखतो आणि हजेरी आपोआप लागते. रेंज नसेल तर माहिती फोनमध्ये साठते, नंतर जाते. जो नाही त्याच्या नावापुढे लाल ठिपका. खरंच कौतुक वाटलं. आम्ही रोज पट उघडून ‘गै’ लिहीत बसायचो.

"आणि लाल ठिपक्याचं पुढं काय?" मी विचारलं.

"पुढं काही नाही आजी. रिपोर्ट जातो."

मग माझ्याकडून बोललं गेलं.

१९८३ साली मी एका वाडीवरच्या शाळेत होते. तिसरीत एक मुलगी होती. पाढे खणखणीत, अक्षर मोत्यासारखं. लावणीच्या दिवसांत निम्मा वर्ग गैरहजर असायचा, तसं तिचंही वाटलं. पण लावण्या उरकल्या तरी ती येईना. आई बाळंत झालेली, तान्हा भाऊ सांभाळायला हीच. हे मला इतर मुलांकडून कळलं होतं. घर ओढ्यापलीकडे, वीस मिनिटांवर. मी गेले नाही. तपासणी जवळ आली होती, हजेरीची सरासरी खाली दिसत होती. ‘सतत गैरहजर, सबब नाव कमी केले’ असं लिहिलं आणि सही केली. कोणी सांगितलं नव्हतं, माझी मीच.

दिवाळीनंतर ती दारात उभी राहिली. कडेवर भाऊ. "बाई, सोमवारपासून येऊ?" मी म्हटलं, "नाव कमी झालंय गं. आईला घेऊन ये." ती पुन्हा आली नाही.

आज असं नाव काढता येत नाही. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानं आठवीपर्यंतच्या मुलाला शाळेतून काढायला बंदी आहे. पण नाव पटावर राहिलं म्हणजे मूल वर्गात आलं असं थोडंच?

मुलं गप्प झाली. नात माझ्याकडे बघतच राहिली. मग एका मुलीनं लॅपटॉप ओढला. रात्रीपर्यंत त्यांनी एक गोष्ट वाढवली. सलग तीन दिवस लाल ठिपका आला की शिक्षकाच्या फोनवर प्रश्न येतो: ‘घरी जाऊन आलात का? कारण काय?’ उत्तर लिहिल्याशिवाय तो प्रश्न जात नाही.

त्यांचा गट निवडला गेला नाही. सकाळी नात रडली. मी तिला काही उपदेश केला नाही, गरम वरणभात वाढला.

दिवाळीत ती आंबवड्याला आली. नागेश्वराचं दर्शन झालं, झुलत्या पुलावर तिचे फोटो झाले. मग म्हणाली, "आजी, ती वाडी दाखव." गेलो. ओढ्यावर आता पूल आहे. घरी भेटला तो कडेवरचा भाऊ, वय ४२! त्यानं चहा केला. ताई वाईकडे दिलेली, नातवंडं आहेत. "तुमचं नाव काढते कधीकधी," म्हणाला. कसं काढते ते विचारायचा धीर झाला नाही. मग सहज बोलून गेला, "ताई बँकेत अजून अंगठाच करते. म्हणते, तिसरीतलं विसरले."

निघताना त्यानं ताईचा नंबर लिहून दिला. पंधरा दिवस झाले, चिठ्ठी पर्समध्येच आहे. नातीचा रोज फोन येतो, "आजी, केलास का फोन? कारण काय?" तिनं माझ्याच मागे तो प्रश्न लावून दिलाय!

असो. हे लिहून झालं की चष्मा पुसते आणि नंबर लावते. काय बोलायचं ते अजून ठरलेलं नाही.