पाहिजे

शहापूर आणि मुरबाड तालुक्यांतील शाळांतून शिकवीत असताना ‘वॉन्ट’ या लहानशा इंग्रजी शब्दाने मला फार विचार करावयास लावले. आपण त्याचा अर्थ ‘पाहिजे’ असा करतो. परंतु सुमारे ८०० वर्षांपूर्वी तो नॉर्स भाषेतून इंग्रजीत आला, तेव्हा त्याचा अर्थ होता ‘उणीव असणे’. इच्छेचा अर्थ त्याला पुष्कळ मागाहून, १८व्या शतकात मिळाला. आपला ‘पाहिजे’ हा शब्द ‘पाहणे’ या क्रियापदापासून झाला आहे. ज्याच्याकडे डोळे लागून राहतात, ते पाहिजे!

उणीव आणि इच्छा आमच्या भागात पाण्यापाशी एकत्र येतात. मुंबईची तहान भागविणारे तानसा धरण १८९२ साली शहापूर तालुक्यातच पूर्ण झाले. पुढे भातसा धरणही झाले. तरीही उन्हाळ्यात येथील कित्येक पाड्यांना टँकरची वाट पाहावी लागते. तेथील मुलगी ‘पाणी पाहिजे’ म्हणते, तेव्हा तिच्या शब्दात उणीवही असते आणि इच्छाही. पोटभर जेवलेला मुलगा ‘पेढा पाहिजे’ म्हणतो, तेव्हा असते ती नुसती इच्छा. शब्द एकच, पण दोघांचे मागणे एक नव्हे.

मुलांनो, कोणी ‘पाहिजे’ म्हटले, की त्याचा हंडा रिकामा आहे का, हे आधी पाहावे. आपण स्वतः म्हणू, तेव्हाही!