ढाळ मोडतो तिथे

नदीचा आडवा छेद घ्यायला एप्रिल-मेसारखा काळ नाही. पूर जिथून वाहतो ती जागा तेव्हा बहुतेक कोरडी असते, पायी फिरता येते. नवी मुलं टेप ताणतात आणि दर पाच मीटरला स्टाफ, म्हणजे उंची मोजायची पट्टी, उभा करतात. वही नीटनेटकी दिसते, पण नदी त्यात सापडत नाही. मी त्यांना सांगते, ढाळ मोडतो तिथे थांबा: मळीचा माथा, दरडीची कड, दरडीचा पाय, वाळू संपून कातळ लागतो ती जागा. सपाटीवर रीडिंग विरळ चालतील. कड हुकली की पात्राचं क्षेत्रफळच चुकतं.

छेद धारेला काटकोनात हवा, आणि धार म्हणजे पुराची. उन्हाळ्यातलं पाणी वाळूतून वळसे घेतं. त्याला काटकोन धरला तर पात्र तिरकं कापलं जातं, आहे त्याहून रुंद दिसतं.

निघोजला कुकडीच्या पात्रात मात्र हा हिशेब पुरत नाही. भोवऱ्यात फिरणाऱ्या गोट्यांनी बेसाल्टमध्ये कोरलेले रांजणखळगे तिथे एकमेकांना खेटून आहेत. टेप हातभर सरकवली की स्टाफ कातळाच्या धारेवरून थेट खळग्यात उतरतो आणि छेदाचं चित्र पालटतं. खळग्यातलं पाणी जागीच गरगरतं, पूर पुढे न्यायला त्याचा फारसा उपयोग नाही. म्हणून खळगे मी मोजते, काढते, पण वहनाच्या क्षेत्रफळातून वगळते.

छेदाइतकीच काठावरच्या झाडोऱ्याची नोंद मोलाची. पाण्याचा वेग काढायच्या मॅनिंगच्या सूत्रात खडबडीतपणाचा आकडा स्वच्छ मातीच्या पात्राला 0.03च्या आसपास धरतात. दाट झुडपांत तो 0.07च्याही वर जातो. तेवढ्याच खोलीला, तेवढ्याच उतारावर वेग निम्म्याहून कमी होतो, म्हणजे तोच पूर जास्त उंच चढतो. 25 वर्षांच्या पुराची निळी रेषा आणि 100 वर्षांच्या पुराची लाल रेषा अशाच आकड्यांवर आखली जाते. कुणाचं घर रेषेच्या कुठल्या अंगाला, ते त्यावर ठरतं.

म्हणून सांगलीकडे कृष्णेचा छेद मी काठावर संपवू देत नाही. मळी ओलांडून, उसातून, 2019च्या पुराचं पाणी ज्या भिंतीला लागलं तिथवर लेव्हल नेते. उसात स्टाफ दिसत नाही, यंत्र पुन्हा पुन्हा हलवावं लागतं. त्यात अख्खी दुपार गेली तरी जाऊ द्यावी.