हिरवी वायर

मोटारसायकल आमच्याकडं फिरायला नसते. पहाटे दुधाचे कॅन, सकाळी घासाचा नाहीतर मकवानाचा भारा, दुपारी खताची गोणी, आणि त्यातून जागा उरली तर माणूस. एवढं ओढणाऱ्या गाडीचं इंजिन सहसा दगा देत नाही. दगा देते ती वायरिंग. इंजिनाचा आवाज बदलला तर घरातलं शेंबडं पोरसुद्धा सांगतं, पण वायर आतल्या आत तुटली तर वरून ती नव्या नवरीसारखी दिसते. कुणाला पत्ता लागत नाही.

माझी गाडी स्प्लेंडर, 1998 सालची. नोंदणीची 15 वर्षं भरली तेव्हा, म्हणजे 2013 ला, ती पहिल्यांदा पुन्हा पास करून घेतली. मग दर 5 वर्षांनी, 2018 ला आणि 2023 ला. तिथं साहेब गाडीभोवती फिरतो आणि म्हणतो, हेडलाइट लावा, साइड दाखवा, हॉर्न वाजवा, ब्रेक दाबा. म्हणजे म्हातारी चालते का हे नंतर, आधी तिला दिसतं का आणि ती हाक मारते का ते बघतात. बरोबरच आहे ते.

माझं शिक्षण दहावी. वायरमनचा कागद माझ्याकडं नाही. पण विहिरीवर मोटर असलेल्या शेतकऱ्याला निम्मा वायरमन व्हावंच लागतं. फेज गेला, स्टार्टर गुरगुरला, केबलचा लग जळाला, तर रात्री कोण येणार? तिथंच एका जुन्या वायरमननं मला टेस्टिंग बल्ब शिकवला. मोटारसायकलसाठी मी तसाच एक केलाय. इंडिकेटरचा 10 वॅटचा बल्ब, त्याला दोन हात-हात वायरी, एकीच्या टोकाला चिमटा, दुसरीच्या टोकाला गोधडीची सुई. पाच-पन्नास रुपयांचा ऐवज. पण त्यानं जेवढं दाखवलं तेवढं मोठमोठ्या दुकानांत कुणी दाखवलं नाही.

गाडीतली वीज मला समजली ती पाण्यावरून. इंजिनाच्या पोटात मॅग्नेट फिरतं, ती आपली मोटर. बॅटरी म्हणजे हौद. जुन्या स्प्लेंडरला हॉर्न, इंडिकेटर, ब्रेकलाइट हे हौदातून पाणी घेतात. हेडलाइट आणि मागचा लाल दिवा मात्र हौदातून घेत नाहीत, ते थेट मोटरच्या धारेवर. म्हणून गाडी उभी राहून हळू चालली की हेडलाइट मिणमिणतो आणि रेस दिली की उजळतो. आता मोटर जोरात चालली तर पाणी पाटात मावणार नाही, पाट फुटेल. त्यासाठी सांडवा लागतो. हा सांडवा म्हणजे रेग्युलेटर. जास्तीची वीज तो जमिनीला सोडून देतो. जमीन म्हणजे गाडीचा सांगाडा, आणि तिथवर नेणारी ती हिरवी वायर, अर्थिंगची. होंडाच्या धाटणीच्या गाड्यांत हिरवा रंग अर्थिंगचा, हे एवढं ज्याला माहीत आहे त्याचं अर्धं काम झालं.

हे एवढं लांबण लावायचं कारण आहे.

आमच्या वस्तीवर माझा चुलत भाऊ राहतो. माझ्याहून चार वर्षांनी लहान. त्याचं दुधाचं रतीब, पहाटे साडेचारला दोन कॅन घेऊन निघायचा. त्याच्या गाडीचा हेडलाइट फ्यूज झाला. पौषातले दिवस, धुकं. त्यानं मोबाइलची बॅटरी हँडलला रबरानं बांधली आणि आठ दिवस तसाच गेला. रोजचा रस्ता, पायाखालचा, डोळे झाकून जाईन म्हणायचा. नवव्या दिवशी मागून पिकअप आली. कॅन ओढ्यात, गाडी बांधावर, आणि हा रस्त्यात. मांडीत सळई पडली, दोन गाया विकाव्या लागल्या, आणि डावा पाय बोटभर आखूड राहिला. दुधाचा धंदा तिथंच संपला.

पिकअपवाल्या पोराला लोकांनी धरलं. ते रडत एकच सांगत होतं, "मला लाल काय दिसलंच नाय वो!" कुणाला पटेना. पळवाट काढतोय म्हणाले. चार दिवसांनी गाडी घरी आणली तेव्हा मी मागची काच खोलली. काच फुटली नव्हती, पण आतला बल्ब काळा पडलेला, तार वितळून तिचा मणी झालेला. आपटून तुटलेली तार अशी दिसत नाही, ती नुसती मोडते. हा जास्तीच्या विजेनं जळालेला बल्ब होता. पोरगं खरं बोलत होतं. ते मी जाऊन चार माणसांत सांगितलं. घरातल्या काहींना राग आला, पण बल्ब हातात होता.

झालं काय होतं, तर हेडलाइट जळाला की पाटातली मोठी सारी बंद होते. सगळं पाणी मग मागच्या त्या बारक्या दिव्यावर. रेग्युलेटर नीट असला तर काही होत नाही, सांडव्यावरून जातं. पण सांडवाच तुंबलेला असला तर पुढचा गेल्यावर मागचाही लवकरच जातो. आणि पुढचा गेलेला माणसाला कळतो, मागचा कळत नाही. भाऊ आठ दिवस अंधारात गेला हे त्याला ठाऊक होतं; त्यातले किती दिवस तो मागच्या माणसाला दिसतच नव्हता, हे कुणाला ठाऊक नव्हतं.

हे माझ्या डोक्यात असतानाच, पुढच्या वर्षी माझी गाडी बल्ब खायला लागली. नोव्हेंबरात एक, डिसेंबरात दोन. आमची विहीर माळावर, वस्तीपासून दोन किलोमीटर. थ्री फेज वीज एक आठवडा दिवसा आणि एक आठवडा रात्री. रात्रीच्या आठवड्यात बारा-एकला उठून बारे द्यायला जावं लागतं. दोन्ही बाजूंनी ऊस. संगमनेर-अकोल्याकडं ज्यांची शेती आहे त्यांना उसातला बिबट्या सांगायला नको. आमच्या मंडळींनी सरळ सांगून टाकलं, "उजेड नसला तर पाणी भरायचं नाय. गहू वाळला तर वाळू द्या."

तालुक्याला एका मिस्त्रीकडं नेली. त्यानं बल्ब बदलला, पैसे घेतले. दहा दिवसांत तो गेला. पुन्हा नेली. त्यानं सीट काढून आत बघितलं आणि म्हणाला, "काका, वायरिंग सडली. पूर्ण किट टाकू. नाहीतर द्या भंगारात, काय ठेवलंय हिच्यात?" थोरला चाकणला कंपनीत आहे, त्याला फोन केला तर तोही तेच. "नाना, विका आता. मी हप्त्यानं नवी घेऊन देतो."

घेऊन दिली असती त्यानं. पण माझं म्हणणं साधं होतं. रोग कळल्याशिवाय पाय कापायचा नसतो. सगळी वायरिंग बदलली आणि दिवा लागला, तर नेमकं काय बिघडलं होतं हे कुणालाच कळणार नाही. भावाच्या गाडीत काय झालं होतं तेही कळणार नाही. मला ते कळून घ्यायचं होतं.

रविवारी दुपारी गाडी ओट्यापुढं लावली. टाकी उतरवली, सीट काढली. आधी काही तोडायचं नाही, नुसतं बघायचं. टेस्टिंग बल्बचा चिमटा बॅटरीच्या प्लसला लावला आणि सुईनं एकेक हिरवी वायर विचारत निघालो. अर्थिंग चांगली असली तर बल्ब ठणठणीत पेटतो. हॉर्नची हिरवी, ठणठणीत. मागच्या दिव्याची, ठणठणीत. रेग्युलेटरच्या कपलरमध्ये मागून सुई घातली, तिथंही पेटला. इथं बरेच जण पुढं जातात. मी सुई तशीच धरून डाव्या हातानं वायर हळूच हलवली. बल्ब डोळे मिचकावायला लागला. मग लाल पडला. मग विझला.

कपलरच्या मागं चार बोटांवर टेप होती. सोडली तर आत जोड. कधीकाळी कुणीतरी मोठा हॉर्न बसवताना हिरवी वायर कापून, नुसता पीळ देऊन जोडली होती. त्यावर बारा-पंधरा पावसाळे गेलेले. पितळेच्या भांड्यात ताक ठेवलं की कळकतं ना, तसं ते तांबं कळकलं होतं. हिरवंगार, हाताला पीठ लागावं तसं. दहा-बारा तारांतल्या दोन धड होत्या. गाडी उभी असली की त्या दोन टेकायच्या, आणि माळाच्या खाचखळग्यात सुटायच्या. सुटल्या की सांडवा बंद, आणि बल्ब खलास. दुकानात गाडी उभीच असते. तिथं हा रोग दिसणार कसा?

कळकलेला भाग कापून टाकला, चकचकीत तांबं लागेपर्यंत मागं गेलो, नवा तुकडा घातला आणि डाख दिला. डाख देताना काही जण कल्हईवाल्यासारखा नवसागर वापरतात. भांड्याला तो चालतो, कारण भांडं धुतात. वायरीत तो राहतो आणि पुन्हा तांबं खातो. वायरीला राळ लावावी. त्यावर नळी सरकवली, मग टेप. तिथून पुढं हेडलाइटचा बल्ब तीन वर्षं टिकला.

उंदराची गोष्टही सांगतो, कारण ती बऱ्याच जणांच्या उपयोगी पडेल. कडब्याच्या गंजीशेजारी गाडी लावली की सीटखाली उंदीर घर करतो. एका सकाळी शेजारचं पोरगं किका मारून घामाघूम. प्लग साफ केला, पेट्रोल बघितलं, ठिणगीच नाही. या गाडीची किल्ली बंद केली की वीज तुटत नाही, उलट सीडीआयची वीज जमिनीला जोडली जाते आणि म्हणून इंजिन थांबतं. ते काम करणारी वायर काळी-पांढरी. उंदरानं तिची साल खाल्ली होती आणि उघडं तांबं चासीला टेकलं होतं. किल्ली चालू असूनही गाडीला वाटत होतं, मालकानं बंद केलंय. कपलरमधून ती वायर सुटी केली, अर्ध्या किकेत सुरू. फक्त मग किल्लीनं बंद होईना, गिअरात टाकून ब्रेक दाबून बंद पाडावी लागली. साल गेलेल्या जागी नळी चढवून पुन्हा जोडली.

2017 पासूनच्या गाड्यांना हेडलाइट कायम चालू असतो आणि 2020 नंतरच्यांत छोटा संगणकच बसवलाय. त्यांच्या वायरीला मी माझी सुई लावत नाही. आपल्या बल्बनं ओढलेली वीज त्या संगणकाला सोसेलच असं नाही, तिथं मीटर पाहिजे. पोरं म्हणतात, नाना घाबरले. घाबरलो नाही, ते माझं रान नाही एवढंच. पण मागचा लाल दिवा पेटतो का, हे बघायला संगणक लागत नाही.

म्हणून दिवाळी झाली, कारखान्याची धुराडी पेटली आणि उसाच्या ट्रॉल्या रस्त्याला लागल्या, की एका संध्याकाळी वस्तीवरच्या गाड्या मी देवळापुढं बोलावतो. सगळे येत नाहीत. ज्याला घाई तो येत नाही, आणि घाई असणाऱ्यानंच यायला पाहिजे. यंदा अकरा आल्या. त्यांतल्या चौघांचा मागचा दिवा गेलेला, आणि चौघांनाही माहीत नव्हतं. दोघांचे नुसते बल्ब. एकाच्या होल्डरला गंज, तो पॉलिश पेपरनं घासला. चौथ्याच्या रेग्युलेटरच्या हिरव्या वायरीला तोच नुसत्या पिळाचा जोड, तोच हॉर्न.

गाडीवर बसलेल्याला आपला मागचा दिवा दिसत नाही, तेव्हा मागं एक माणूस लागतो. त्या कामाला माझा चुलत भाऊ असतो. खुर्ची टाकून, डावा पाय लांब करून बसतो. पोरं एकेक गाडी त्याच्यापुढं आणून उभी करतात आणि रेस देतात.

"पेटला," तो ओरडतो. "आता ब्रेक दाब. पेटला. जा तू. दुसरी आणा."