पहिलं अक्षर कोणतं?

मंडळी, परवा नातवाने लॅपटॉपवर डॉसबॉक्स नावाचा प्रोग्रॅम चालू केला. त्याला जुना 'प्रिन्स ऑफ पर्शिया' खेळायचा होता. काळी चौकट उघडली आणि सुरुवातीलाच 'झेड'! आमच्या वेळी 'सी' असायचं, नाहीतर फ्लॉपीचं 'ए'. "आजी, इथे आधी माउंट करून सी तयार करावा लागतो," इति नातू. सी आला, आणि माझ्या बोटांनी न विचारताच 'डीआयआर' टाइप केलं.

तुमच्यापैकी डॉस वापरलेले किती असतील कोण जाणे. माउस नाही, चित्रं नाहीत. आपण कुठे उभे आहोत ते ओळीच्या सुरुवातीला लिहिलेलं असे. ते वाचायचं काम आपलं.

मी ते वाचलं नाही, त्याची ही गोष्ट.

साल 1994. एका माजी विद्यार्थ्याने शाळेला कॉम्प्युटर दिला होता, त्यात डॉस 5. निकालाचा छोटा प्रोग्रॅमही त्यानेच क्यूबेसिकमध्ये लिहून दिला. हजेरी क्रमांक आणि गुण भरायचे, की तो बेरीज करून पास-नापास छापी. नावं भरायची नाहीत, तेवढंच टायपिंग कमी. नववीच्या चार तुकड्यांच्या चार फाइली. नावं मीच ठेवली होती: एनिकाल, बीनिकाल, सीनिकाल, डीनिकाल. मोठी हुशारी वाटली होती तेव्हा!

30 एप्रिलची संध्याकाळ. दुसऱ्या दिवशी निकाल. एक प्रत फ्लॉपीवर असावी म्हणून जुनी फ्लॉपी आधी रिकामी करायला घेतली. 'डेल स्टार डॉट स्टार'. सगळ्या फाइली जातील, नक्की ना, असं त्याने विचारलं. मी 'वाय' दाबलं. आणि मग बघते तर मी 'ए'वर नव्हतेच, 'सी'वर होते. म्हणजे प्रत ठेवण्यासाठी जागा करताना मूळच पुसलं.

त्या मुलाला फोन केला. तो म्हणाला, "बाई, आता काही सेव्ह करू नका. अनडिलीट टाइप करा." डॉस फाइल खरोखर पुसत नाही. यादीतल्या नावाचं फक्त पहिलं अक्षर खोडून तिथे खूण करतं, आणि ती जागा रिकामी समजतं. वर दुसरं काही लिहिलं गेलं नसेल तर मजकूर जागच्या जागी असतो. परत आणताना ते आपल्यालाच विचारतं, पहिलं अक्षर कोणतं होतं?

आता बघा, पडद्यावर चार नावं. चारही 'प्रश्नचिन्ह-निकाल'! तुकडी सांगणारं अक्षर तेवढं गेलेलं.

अ आणि ड आकारावरून ओळखल्या, पटसंख्या वेगळी होती. ब आणि क दोन्हीकडे 54 मुलं, आकार तोच. ब आधी भरली होती असं मला वाटलं, म्हणून वेळ बघून अक्षरं दिली. गुणपत्रकांशी ताडून बघायला हवं होतं. पण रात्रीचे साडेनऊ वाजले होते, शिपाई किल्ल्या घेऊन उभा होता. असो, ती काही सबब नव्हे.

सकाळी याद्या फळ्यावर लागल्या. तासाभरात गणिताचे सर धावत आले. "बाई, ब मधली 31 नंबरची नापास कशी? तिला माझ्याकडे 71 आहेत."

याद्या उतरवल्या, पण ती मुलगी घरी निघून गेली होती. मी गुणपत्रक घेऊन तिच्या घरी गेले. ती ओट्यावर तांदूळ निवडत बसली होती. आईने बघताच विचारलं, "पुन्हा त्याच वर्गात बसेल का हो, की शाळा बंदच करू?" मी चूक सांगितली, माझी आहे असंही सांगितलं. मुलीला म्हटलं, "अगं, पेपर इतका छान गेला होता, तर विचारायला का नाही आलीस?"

ती म्हणाली, "कॉम्प्युटरने काढलाय ना बाई निकाल. मला वाटलं, मलाच पेपर सोपा वाटला असेल."

मला तिथे बसवेना.

पुढच्या वर्षीपासून फाइलीचं नाव 'निकाल'ने सुरू करून तुकडीचं अक्षर शेवटी लिहू लागले. आणि यादी लावण्याआधी दोघांनी गुणपत्रकाशी ताडायची, एकाने वाचायचं, दुसऱ्याने टिक करायची. मी निवृत्त होईपर्यंत ते चालू होतं. नव्या शिक्षकांना ते वेळखाऊ वाटे. वाटू दे!

नातवाचा राजपुत्र मात्र तिसऱ्या उडीलाच खड्ड्यात पडला.